शेळीनं खाल्लेली वेल

एकदा एक वृद्ध आचार्य होते. आचार्य म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे लगेच आश्रम, पिंपळाचा पार आणि छातीवर रुळणारी पांढरी दाढी येते; ती कृपा करून पुसून टाका. हे आचार्य रोज सकाळी दाढी करत, पायात रबरी चपला घालत, आणि त्यांचा आश्रम म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी असलेली एक कौलारू इमारत होती. पूर्वी तिथं सरकारी दवाखाना होता. दवाखाना हलला, इमारत राहिली, आणि तिथं हे गृहस्थ काचेच्या बाटल्यांमध्ये रानातल्या वनस्पती वाढवू लागले. केळीची टिश्यू कल्चरची रोपं तुम्ही पाहिली असतील, तसलंच काम. फक्त केळीऐवजी रानातली औषधी वेल. गाव त्यांना गुरुजी म्हणे. त्यांची शिष्या त्यांना सर म्हणे. नावं मी सांगणार नाही. अशा गोष्टीत नावं सांगितली की लोक बोध बाजूला ठेवतात आणि हा कुणाचा कोण, तेच शोधत बसतात.

वेलीचंही नाव सांगणार नाही. सांगितलं, तर तुमच्यापैकीच एखादा येत्या रविवारी कुदळ आणि पिशवी घेऊन डोंगर चढेल. रागावू नका, मी माणसं ओळखून आहे. एवढं सांगतो, की ती वेल मुळापासून शेंड्यापर्यंत जहर कडू होती. गावच्या शेळ्या डोंगरावर काट्याकुट्यांतही तोंड घालत, पण या वेलीच्या वाटेला जात नसत. औषध होतं ते त्या कडूपणातच. तिच्या मुळाच्या अर्काची गोळी सांध्यांच्या दुखण्यावर चाले, आणि दुखणारे सांधे या जगात काही कमी नाहीत. मागणी वाढत गेली. मूळ काढायचं म्हणजे वेल उपटायची, आणि उपटलेली वेल पुन्हा उगवत नाही. आधी खालचे उतार मोकळे झाले, मग मधले, आणि शेवटी वरच्या कड्याला जेवढी वेल बिलगून होती तेवढीच शिल्लक राहिली.

शिष्या त्याच मुलखातली होती. शहरात शिकली, चांगली नोकरी चालून आली होती, ती सोडून या कौलांखाली आली. तिला एकच ध्यास होता, की कड्यावरची ती वेल वाचली पाहिजे. वेलीचा एवढासा शेंडा आणायचा, धुऊन निर्जंतुक करायचा, हवा गाळून सोडणाऱ्या काचेच्या कपाटापुढं बसून, स्पिरिटच्या दिव्यावर पातं तापवून त्याचे तुकडे करायचे, आणि बाटलीतल्या साखर घातलेल्या जेलीत ते रोवायचे. प्रारंभी सगळ्या बाटल्यांत बुरशीच उगवली. मग तुकडे काळे पडू लागले. मग तेही थांबलं आणि तुकडे नुसतेच बसून राहिले. ती रडली, भांडली, पुन्हा बसली. अखेर एका तुकड्याला फूट आली. त्या दिवशी गुरुजींनी गावातून बासुंदी आणवली.

मग व्यापारी आला. गोष्टीतल्या व्यापाऱ्याला वाईट ठरवण्याची आपल्याला फार हौस. हा तसा नव्हता. बोललेलं पाळणारा माणूस होता. डोंगरावरची बहुतेक सगळी मुळं त्याच्याच कारखान्यात जात. त्यानं बाटलीतली वेल सुकवून, तपासून घेतली. गुण पुरेपूर उतरला.

"गुरुजी," तो म्हणाला, "मला मुळाशी काय करायचंय? मला गुणाशी मतलब. तुम्ही मला हे पुरवा, मी डोंगराकडे मान वर करून बघणारसुद्धा नाही."

आणि खरोखरच त्यानं मुळं घेणं बंद केलं. घेणारा नाही म्हटल्यावर खणणाऱ्यांनीही कुदळी ठेवल्या. पहिल्या काही खेपा त्यानं तपासल्या. पुढं त्याचा विश्वास बसला आणि त्यानं तपासणी सोडून दिली. विश्वासाचं हेच तर वाईट असतं. तो एकदा बसला की माणूस बघायचं थांबतो.

आता यापुढची वर्षं मी भराभर सांगतो, कारण ती भराभर गेली नाहीत. ती फार हळू गेली आणि एकसारखी गेली. दर महिन्याला बाटल्या बदलायच्या. वाढलेली फूट कापून नव्या बाटल्यांत लावायची, पुन्हा महिनाभर थांबायचं, पुन्हा कापायची. हाताखाली गावातल्या काही बायका आल्या. शिष्येनं त्यांना एकच नियम शिकवला. जी बाटली टवटवीत, हिरवीगार, भरगच्च, तीच पुढं न्यायची. जी रुसलेली, खुरटलेली, ती धुण्याच्या बादलीत. त्यात वेळ घालवायचा नाही. नियम शहाणपणाचा होता. तुम्हीआम्हीही दुसरं काही केलं नसतं.

बाटल्या फुलू लागल्या. शेल्फांवर नुसता हिरवा उजेड. परगावचे लोक बघायला येत आणि "वा, काय टवटवी आहे!" म्हणून जात. दर शनिवारी गुरुजी विचारत, "किती झाल्या गं?" ती आकडा सांगे. आकडा मागच्या वेळेपेक्षा मोठा असे. गुरुजी मान डोलवत. व्यापारी येई, केळ्यांची फणी ठेवी आणि म्हणे, "ताई, अजून थोडं वाढवता येईल ना?" नाही म्हटलं तर हा माणूस पुन्हा डोंगराकडे वळेल, ही भीती तिच्या मनात कायमची येऊन बसली होती. ती म्हणे, "हो शेठ, बघते."

ही मुलगी पूर्वी अशी नव्हती बरं का. सुरुवातीला ती सरांशी कडाकडा भांडत असे. "सर, हे चूक आहे." "सर, हे मला पटत नाही." "सर, आज मी करणार नाही, माझं डोकं चालत नाहीये." बायका आपसात म्हणायच्या, आज बाईंचं काय बिनसलंय. हळूहळू ते थांबलं. मानेला पट्टा आला, बोटांना स्पिरिटचा वास कायमचा बसला, डोळ्यांखाली सावल्या आल्या, आणि तोंडात एकच शब्द उरला. हो. हो सर, हो शेठ, करते, बघते, होईल. घरी आई म्हणे, अगं जरा बस. तरी ती म्हणे "हो" आणि उठून चालू लागे. ती इतकी दमली होती, की दमले आहे हे सांगायलाही जे बळ लागतं तेच तिच्यात उरलं नव्हतं.

तिच्या बरोबरीनं शिकायला आलेल्या दोघी फार उलट बोलायच्या. त्या सोडून गेल्या. गुरुजींनी त्यांना थांबवलं नाही. ही राहिली.

अशात त्या वर्षीची सगळ्यात मोठी खेप तयार झाली. सुकवलेल्या वेलीची पोती भरून झाली, शिवून झाली, व्हरांड्यात रचून झाली. शेल्फांवर पुढच्या खेपेच्या बाटल्या उभ्या होत्या. दुपारी व्यापाऱ्याचा टेंपो येणार होता. शिष्या टेबलाशी बसून शेवटची आवराआवर करत होती, तोच तिला अंगणातून शेजारच्या आक्काचा आवाज ऐकू आला.

"गुरुजी! अवं, माझ्या शेळीला काय घालताय? मारताय का काय गरिबाच्या जनावराला?"

ती बाहेर धावली. बघते तो गुरुजी नळापाशी उकिडवे बसलेले. शेजारी शेल्फावरच्या सगळ्यात देखण्या बाटल्या, झाकणं उघडी. गुरुजी एकेका बाटलीतून वेल चिमट्यानं ओढून काढत होते, नळाखाली जेली धुऊन टाकत होते आणि आक्काच्या शेळीपुढं धरत होते.

"सर!" तिच्या हातातला टॉवेल खाली पडला. "सर, काय करताय हे? निवडक बाटल्या आहेत त्या! पुढच्या महिन्याची सगळी फूट त्यांच्यातून घ्यायची होती!"

गुरुजींनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "बस इथं," ते म्हणाले. "आणि बघ."

शेळीनं वेल हुंगली. मग खाल्ली. मिटक्या मारत खाल्ली, देठासकट. दुसरी धरली, तीही खाल्ली. मग मान लांब करून गुरुजींच्या हातातला चिमटाच ओढू लागली.

"अगं बया," आक्का म्हणाली, "हिला आवडलं की! मेथी-बिथी हाय का काय?"

शिष्येनं खाली वाकून शेळीच्या तोंडातून निसटलेलं एक पान उचललं, धुतलं आणि जिभेवर ठेवलं. चावलं. पुन्हा चावलं. पालेभाजीची चव लागली. कोवळ्या, पाणीदार, साध्या पालेभाजीची. कडूपणाचा मागमूस नव्हता.

ती नळाच्या कट्ट्यावर बसली. आक्का शेळीला ओढत घेऊन गेली. मग गुरुजी हात पुसत म्हणाले:

"परवा बाटल्या विसळताना एक पान बोटाला चिकटलं. जुनी खोड, टाकलं तोंडात. काही लागेचना. मला वाटलं, जिभेची चव गेली, वय झालं. पण आज सकाळचा चहा बिनसाखरेचा आहे हे मात्र बरोबर कळलं. म्हणून म्हटलं, आपल्या जिभेचं राहू दे, शेळीला विचारू. ती कुणाची भीड धरत नाही."

"असं कसं झालं, सर?" तिनं विचारलं. "आपण काही बदललं नाही. तीच जेली, तोच उजेड, तीच वेल."

"वेल कडू कशासाठी होते?" गुरुजी म्हणाले. "आपल्या गुडघ्यांसाठी? तिला आपले गुडघे ठाऊकही नाहीत. तिला ठाऊक आहे शेळी, कीड, ऊन आणि कोरडा कातळ. त्यांच्यापुढं टिकायचं म्हणून ती कडूपणा तयार करते, आणि तो फुकट होत नाही. वाढीतलं थोडं बळ काढून तिकडं घालावं लागतं. बाटलीत आपण तिला साखर दिली, दिवा दिला, बुरशीसुद्धा फिरकू दिली नाही. तरी काही वेलींनी आपला स्वभाव सोडला नाही. त्या कडू राहिल्या आणि म्हणून हळू वाढल्या. ज्यांनी तो खर्च टाकून दिला, त्या भराभर वाढल्या. आणि दर महिन्याला पातं घेऊन बसलीस, तेव्हा तू कोणत्या पुढं नेल्यास?"

"टवटवीत," ती म्हणाली.

"आणि हळू वाढलेल्या?"

"बादलीत." हे म्हणताना तिला रडू आलं. "मीच टाकल्या, सर. मीच सगळ्यांना टाकायला शिकवलं."

"तुझा हात चुकला नाही, डोळा चुकला नाही. तू एकेक वेल इतकी नीट निवडलीस, म्हणून तर हे इतकं पुरेपूर झालं. निष्काळजी माणसाच्या हातून काही कडू वेली राहूनही गेल्या असत्या." गुरुजी थांबले. त्यांना धाप लागली होती. "आणि दर शनिवारी मी तुला काय विचारत होतो? किती झाल्या. आत काय आहे, हे मी कधी विचारलं? जे दिसतं त्याची निवड करत गेलं, की जे दिसत नाही ते हळूच निघून जातं. जाताना आवाजही करत नाही. उलट सगळं जास्त छान दिसायला लागतं."

ती पदरानं डोळे पुसत होती. गुरुजींनी तिच्या मानेच्या पट्ट्याकडे पाहिलं. हा पट्टा त्यांनी पूर्वीही पाहिला होता. पण बघणं आणि बघणं यात फरक असतो.

"आणखी एक सांग. तू मला शेवटचं 'नाही' कधी म्हणालीस?"

तिनं आठवून पाहिलं. आठवेना.

"मलाही आठवत नाही," ते म्हणाले. "शेठला मी दुप्पट माल कबूल केला, तेव्हा तुला मान वळवता येत नव्हती. तू म्हणालीस, हो सर. मला बरं वाटलं. मनात म्हटलं, काय गुणी पोर आहे. उलट बोलायच्या त्या दोघी गेल्या, तेव्हाही मला हलकंच वाटलं होतं. आत शेल्फावर तू जे केलंस ना, तेच बाहेर माणसांचं मी केलं. सोयीचं तेवढं पुढं नेलं. खंगत चाललीस तरी दिसायला सगळं ठीक होतं, म्हणून मी खूश होतो."

शिष्येला राग आला होता. सरांचा, शेठचा, शेळीचा, सगळ्यांत जास्त स्वतःचा. पण राग काढायलाही जीव लागतो. शेवटी ती खालच्या आवाजात म्हणाली, "सर, शेठ तपासत नाहीत. ही खेप जाऊ दे. कुणाला कळणार नाही. सांगितलं, तर ते परत डोंगराकडे वळतील. कड्यावर जेवढी आहे तेवढीही जाईल. इतकी वर्षं मी कशासाठी मरमर केली? हिरवा पाला सुकवून पोती भरली, एवढंच का? निदान डोंगर तरी वाचू दे."

"आणि गोळी घेणारे?"

तिनं व्हरांड्यातल्या पोत्यांकडे पाहिलं.

"काय करावं, सर?"

"ते मी सांगणार नाही," गुरुजी म्हणाले. "मी सांगितलं, तर तू पुन्हा 'हो सर' म्हणशील."

असं म्हणून ते आत गेले आणि खुर्चीत डोळे मिटून बसले. मला इथं त्यांचा थोडा रागच येतो, खरं सांगतो. आयुष्यभर उत्तरं द्यायची आणि नेमक्या अडचणीच्या वेळी खुर्चीत जाऊन बसायचं! पण म्हातारा दमला होता, हेही खरं. आणि यापुढचं उत्तर त्यानं देण्यासारखं नव्हतंच.

दुपारी टेंपो आला. व्यापारी उतरला. नेहमीसारखी केळ्यांची फणी हातात होती. पोती बघून त्याचा चेहरा उजळला. हमाल पाठीला गोणपाट बांधून पोती उचलू लागले.

"वा, ताई, कमाल केलीत. बरं का, परराज्यातून मागणी आलीय. पुढच्या वर्षी याच्या दुप्पट जमेल ना?"

गुरुजी दारात उभे होते. बायका हातातली कामं सोडून बघत होत्या. शिष्येचे ओठ सवयीनं उघडले, आणि एक क्षण असा गेला की ती नेहमीचंच बोलणार असं सगळ्यांना वाटलं.

"नाही," ती म्हणाली.

व्यापारी हसला. "बरं, दुप्पट नाही तर दीडपट."

"शेठ, दुप्पट नाही, दीडपट नाही, आणि ही पोतीही नाहीत. यात औषध नाही. कधीपासून नाही, तेही मला सांगता येत नाही."

मग तिनं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, स्वतःला सोडलं नाही आणि सरांनाही सोडलं नाही. हमाल पोती पाठीवर घेऊन तसेच उभे होते, त्यांना ठेवायला सांगायचंही कुणाला सुचलं नाही. व्यापाऱ्याचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला.

"म्हणजे मी लोकांना काय विकत होतो?" तो ओरडला. "माझ्या नावावर गोळी जाते ती! तुमच्या भरवशावर मी डोंगर सोडला. आता मी काय करू? पुन्हा मुळं खणायला माणसं लावू?"

"लावा," ती म्हणाली. तिचा आवाज आता चढला होता. "तुम्हाला कोण अडवणार? पण कड्यावर उरलीय ती तुम्हाला एक हंगामसुद्धा पुरायची नाही. ती संपली की गोळीही कायमची संपली. मला पुन्हा सुरुवात करायची, तर त्याच वेलींचे शेंडे लागणार आहेत, माझ्या शेल्फावर आता नुसता पाला आहे. ती खणलीत, तर मी कितीही राबले तरी तुम्हाला काही देऊ शकणार नाही. आणि राबण्याचं म्हणाल, तर इतके दिवस तुम्ही मागितलंत तेवढं मी दिलं. मी दमलेय, शेठ. मला दमून कित्येक वर्षं झाली."

व्यापारी पायरीवर बसला. केळ्यांची फणी त्यानं शेजारी ठेवली. मग एकदम म्हणाला:

"माझी आई हीच गोळी घेते."

तोच पुढं म्हणाला:

"आधी तिला गुण होता. देवळापर्यंत चालत जायची. गेले कितीतरी महिने म्हणतेय, अरे, गुडघे पुन्हा धरलेत, ही गोळी पूर्वीसारखी नाही. रोज म्हणते. मी तिला म्हटलं, आई, गोळी तीच आहे, तुझं वय झालं." त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "ती बिचारी म्हणाली, असेल बाबा. आणि मग म्हणायचीच बंद झाली."

गुरुजी दारातून पुढं आले आणि त्याच्याशेजारी पायरीवर टेकले. स्वतःच्या जिभेबद्दल आपल्यालाही नेमकं हेच वाटलं होतं, हे त्यांना आठवलं असेलच. दोन माणसं नुसती शेजारी बसून राहिली. शिष्येनं हमालांना पोती खाली ठेवायला सांगितलं.

काही वेळानं व्यापारी उठला. कपडे झटकले. त्याचा राग गेलेला नव्हता, पण त्या रागाला आता दिशा राहिली नव्हती.

"गोळी बंद करतो," तो म्हणाला. "बाजारात आहे तीही परत मागवतो. लोक शिव्या देतील, देऊ देत. डोंगराला मी हात लावत नाही. पण ताई, मी थांबलो म्हणून दुसरे व्यापारी थांबतील, याची हमी मी देत नाही."

"मलाही ती मागायची नाही," ती म्हणाली. "खोटं आश्वासन नकोच आहे मला."

टेंपो रिकामा गेला. त्या दिवसापुरता तरी डोंगर वाचला होता. याहून जास्त वाचतं असं मी तुम्हाला सांगितलं, तर तुम्हाला बरं वाटेल. पण तसं मी सांगणार नाही.

मग बाटल्या नष्ट करण्याचं काम आलं. ती झाडं तशीच ठेवून चालणार नव्हतं. ठेवली असती, तर हिरवेपणा बघून पुन्हा कुणाला तरी मोह झाला असता. वाफेचा मोठा कुकर पेटवला. बायका ट्रे भरभरून आणत होत्या, शिष्या झाकण लावत होती, वाफ सुटत होती आणि इतक्या वर्षांची टवटवी शिजून काळी पडत होती. सगळ्या खोलीला उकडलेल्या भाजीचा वास आला. शिष्या रडत होती आणि काम करत होती. बायकांपैकी एकीनं तिला हाताला धरून बाजूला बसवलं आणि पुढचे ट्रे स्वतः लावले. शेल्फं एकामागून एक रिकामी झाली.

संध्याकाळी गुरुजी रिकाम्या खोलीत येऊन उभे राहिले. त्यांना गप्प राहवेना. चाळीस-पन्नास वर्षांची कामाची सवय अशी एका दुपारी थोडीच सुटते! म्हणाले, "होतं असं. खचून जायचं नाही. सोमवारी कड्यावर जाऊ, नवे शेंडे आणू. जोर लावला तर दिवाळीपर्यंत सगळं पुन्हा उभं करू. काय? करू ना?"

शिष्येनं त्यांच्याकडे पाहिलं. मानेचा पट्टा तिनं काढून टेबलावर ठेवला होता.

"नाही, सर," ती म्हणाली. "दिवाळीपर्यंत होणार नाही. आता प्रत्येक बाटलीतलं पान चावून बघून मगच ती पुढं न्यायची, म्हणजे दोन पावसाळे तरी जातील. कदाचित जास्त. आणि सोमवारी मी येणार नाही. मंगळवारीही नाही. मी झोपणार आहे."

गुरुजी चपापले. त्यांच्या ओठांवर काहीतरी आलं. अगं, पण अशा वेळी, असंच काहीतरी असणार. त्यांनी ते गिळलं. मग त्यांचे डोळे भरून आले. दुःखानं की आनंदानं, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

"बरं," ते म्हणाले. "झोप. मीही झोपतो."

तुमच्या घरात किंवा कचेरीत ज्या माणसाचा तुम्हाला कधीच त्रास होत नाही, त्याला आज काही काम सांगू नका. नुसतं विचारा, बाबा रे, तुला काय वाटतं, आणि उत्तर येईपर्यंत तिथंच थांबा.